धावड्याच्या गाडीने आलेला डबा

गेल्या पौषात माझी पत्नी सुमन गेली. आमच्याकडे दुःखाच्या घरात काही दिवस चूल पेटवत नाहीत. शेजारी आणि सोयरे डबे आणतात. आमच्या ओट्यावरही डबे येऊन बसले. स्टीलचे, जर्मनचे, कुणी कडीचा, कुणी फडक्यात बांधलेला. मी उठलो आणि ते गावाप्रमाणे लावले. लांबून आलेले भिंतीकडे, जवळचे पुढे. मुलगी म्हणाली, "बाबा, हे काय करताय?" एवढी वर्षं मी रोज सकाळी हेच केलं होतं, हात आपोआप तिकडे गेले.

भोकरदनच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. एक्क्याऐंशी साली लागलो आणि बराच काळ त्याच एका खिडकीमागे बसलो. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणत. नाव भारी वाटतं, काम साधं आहे. गाडी आली की कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकून सही करायची, भोंग्यावरून गाडी पुकारायची, आणि गाडी आलीच नाही तर लोकांचं ऐकून घ्यायचं. गाडी चालवणारा मी नाही, बिघडवणाराही मी नाही, पण स्टँडवर खिडकीत दिसणारा माणूस एकच असतो.

त्या खिडकीत माणसंही नाना तऱ्हेची येत. एक म्हातारे गृहस्थ दर बाजाराच्या दिवशी यायचे. सिल्लोडची गाडी कधी, जालन्याची कधी, अंबडला थेट आहे का, असं सगळं शांतपणे विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरंय. मला कुठं जायचं न्हाई. जरा पंख्याखाली बसतो." एकदा एक बाई घाईघाईने आली. "साहेब, माझ्या मालकाला भोंग्यावर पुकारा, गाडी सुटून राह्यली."

"नाव काय त्यांचं?"

"नाव कसं घेऊ मी?"

"बरं, दिसतात कसे?"

"लाल मुंडासं हाय."

मी पुकारलं, की लाल मुंडासेवाल्यांनी खिडकीपाशी यावं, त्यांचं कुटुंब वाट पाहत आहे. लाल मुंडाशी घातलेली बरीच माणसं आली. त्यांत तिचा नवरा नव्हता. तो आधीच गाडीत बसला होता आणि खिडकीतून हे सगळं मजेत पाहत होता.

हे झालं गमतीचं. पण खरं जोखमीचं काम कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. ते म्हणजे डबे.

आसपासच्या खेड्यांतली मुलं शिकायला भोकरदनला खोली करून राहत. त्यांचं जेवण गावाहून यायचं. प्रत्येक मोठ्या गावात एक मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी जाते, रात्री गावातच थांबते, सकाळी परत निघते, मग दिवसभर त्याच रस्त्यावर फेऱ्या करते. आई पहाटे उठून भाकरी करायची आणि डबा त्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. गाडी स्टँडवर लागली की कंडक्टर डबे माझ्या खोलीत आणून ठेवायचा, मी ते टेबलाखाली गावाप्रमाणे लावायचो आणि मुलं येऊन आपापला उचलायची. संध्याकाळी रिकामे डबे त्याच गाडीने परत. कुणी हे काम कुणाला सांगितलेलं नव्हतं, कुणी त्याचं काही घेतही नव्हतं. माझा नियम एकच होता. डबा सांभाळायचा, उघडायचा नाही. आईने लेकराला काय दिलं हे तिसऱ्याने पाहू नये, असं मला वाटायचं.

रिकामे डबे म्हटलं खरं, पण ते रिकामे क्वचितच असत. शेजारणीने भाजी दिली तर तिची वाटी चिमूटभर साखर तरी घालून परत करायची, ही आपल्याकडे घरोघरची रीत. मुलं ती डब्यालाही लावत. उचलताना आत काहीतरी वाजायचं. कुणी स्टँडमागच्या चिंचेचे आकडे टाकायचा, कुणी बाजारातल्या शेंगा. त्या आवाजाची मला सवय झाली होती.

अंकुश अशा मुलांपैकी एक. बारावी सायन्सला होता. त्याचं घर धावड्याच्याही पुढे, डोंगराकडच्या एका लहानशा वाडीत. त्याची आई डबा घेऊन वाडीपासून धावड्यापर्यंत चालत यायची. त्याच्या डब्याला जांभळ्या लुगड्याचं फडकं असायचं. वडील सुरतेला लूमवर कामाला होते, घरी आई आणि धाकटी बहीण. मी खिडकीत रिकाम्या वेळी वाचत बसायचो, ते पाहून अंकुशने एकदा विचारलं होतं, "काका, हे वाचून झाल्यावर मला देता का?" तेव्हापासून तो डब्यासोबत पुस्तकही न्यायचा. बोलायचा थोडंच. पुस्तक परत देताना म्हणायचा, "चांगलं हाय," किंवा "शेवट पटला न्हाई." मला दोन्ही आवडायचं.

चौऱ्याण्णव साली भाद्रपद संपता संपता प्लेगची बातमी आली. सुरतेत माणसं मरत होती. इकडे शेजारच्या बीड जिल्ह्यातही रोग निघाला म्हणत होते. दोन दिवसांत स्टँड ओळखू येईना. जो तो तोंडाला रुमाल बांधून. मीही रुमालातून पुकारायचो, ते कुणाला कळायचं नाही, मग लोक रुमाल खाली ओढून खिडकीत तोंड घालून विचारायचे. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. कडुनिंबाचा पाला दारोदार. शाळा-कॉलेज बंद झालं, मुलं आपापल्या गावी निघून गेली आणि टेबलाखालची डब्यांची रांग मोडली.

अंकुश मात्र राहिला. त्याला घरून निरोप आला होता, की येऊ नको. निरोप आणला धावड्याच्या मुक्कामी गाडीचे कंडक्टर हबीबभाई यांनी. त्यांनाही तो धावड्यात कुणीतरी लांबून ओरडून सांगितला होता. कारण कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. तिसऱ्या दिवशी हबीबभाईंनी जांभळ्या फडक्यातला डबा माझ्या टेबलावर परत ठेवला.

"हा तर त्यानं परवा पाठवलेला."

"हौ. घ्यायलाच कोणी आलं न्हाई, साहेब. ती वाडी बिलकुल बंद हे. सुरतेहून कोणी आल्तं म्हणे, मंग लोकायनं रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. ना आत जाऊ देऊन राह्यले, ना बाहेर येऊ देऊन राह्यले."

"ह्याच्या घरी बरे आहेत ना सगळे?"

"कोणाला विचारू? वाडीचं नाव काढलं की धावड्यात लोक तोंड फिरवून राह्यले."

मी अंकुशला एवढंच सांगितलं, की रस्ता बंद आहे म्हणून डबा येत नाही. तरी तो रोज सकाळी गाडीच्या वेळी यायचा. रुमालामुळे त्याचे फक्त डोळे दिसायचे.

"आला का काका?"

"नाही रे."

"बरं."

मग तो फलाटाच्या कडेला बसून राहायचा, गाडी परत फिरेपर्यंत. खानावळी बंद होत्या. तो काय खात होता कोण जाणे. खोलीतले सोबती गेले होते. वडील सुरतेला असतात हे माहीत असलेले लोक त्याच्यापासून जरा लांबूनच जायचे.

मी घरी हे सांगितलं तेव्हा सुमन म्हणाली, "त्याचा डबा तुमच्याकडेच पडून आहे ना? आणा इकडं."

"आपल्याच डब्यात देऊ की."

"आपल्या डब्यात दिलं तर तो लाजून घ्यायचा न्हाई. आईचा आला म्हणलं तर पोटभर जेवंल. पोराच्या जिवाला तेवढाच आधार."

मला ते पटलं. त्या वेळी कुणालाही पटलं असतं. तिने फडकं सोडलं, झाकण काढलं आणि म्हणाली, "अहो, ह्यात तर गोळ्या हायेत." पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, ओलीने एकमेकींना चिकटलेल्या. मी म्हणालो, धाकट्या बहिणीसाठी पाठवतो तो. सुमनने त्या वाटीत काढून फळीवर ठेवल्या, डबा धुतला आणि त्यात भाकरी, पिठलं भरून दिलं.

सकाळी गाडी लागल्यावर मी हाक मारली. "अंकुश, डबा आला!" तो धावत आला. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून गेला. मला फार बरं वाटलं. हबीबभाई बाजूला उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे केला.

संध्याकाळी त्याने डबा आणून ठेवला. हलवल्यावर वाजला. घरी नेऊन उघडला, तर ताज्या पेपरमिंटच्या गोळ्या. सुमनने त्याही वाटीत टाकल्या. आमच्या मुलीने हात घातला तर तिला म्हणाली, "त्या आपल्या न्हाईत."

पुढच्या दिवशी गोळ्या नव्हत्या. कागदाची एक पुडी होती. सुमनने उलगडली, आत कॅप्सूल होत्या. गावात मिळत नसलेल्या त्या कॅप्सूल ह्या मुलाने कुठून, कशा मिळवल्या असतील, मला कल्पना करवेना. सुमन ओट्याला टेकून उभी राहिली.

"हे त्यानं आईसाठी पाठवलंय," ती म्हणाली. "अन् आलं माझ्या ओट्यावर. अहो, हे बराबर न्हाई. सांगून टाका त्याला."

मी म्हणालो, थोडं थांबू. वाडी उघडली की आपोआप होईल सगळं. माझा स्वभाव थांबण्याचा, नोकरीही तीच. ती पुडी तिने वाटीशेजारी ठेवली. रोज भाकरी करताना तिची नजर तिकडे जायची.

नंतर दोन-चार दिवसांनी भर दुपारी अंकुश खिडकीशी आला. डबा लवकर आणला होता, सोबत पुस्तकांचा गठ्ठा. त्याची कॉलेजची पुस्तकं, एक शब्दकोश, आणि मी वाचायला दिलेलं प्रवासवर्णन.

"हे ठेवा काका. कोणाला लागलं तर द्या."

"आणि तुला?"

"मला आता काय करायचंय?" असं म्हणून तो हसल्यासारखा झाला.

जालन्याची गाडी फलाटावरून मागे येत होती, कंडक्टर कागद घेऊन दारात उभा होता. मी सही केली. वर पाहिलं तर अंकुश गेला होता. मी पुस्तकं कपाटावर लावली. शब्दकोश चांगला जपलेला होता, तो थोडा चाळलाही. मग डबा घेऊन जेवायला घरी गेलो.

सुमनने डबा हातात घेतला आणि थांबली. उघडून पाहिला. स्वच्छ घासलेला, फडक्याने कोरडा केलेला.

"आज रिकामा आलाय," ती म्हणाली.

मी तिला पुस्तकांचं सांगितलं. ती माझ्यासाठी ताट घेत होती. ते तिने खाली ठेवलं.

"जेवू नका. जा तुम्ही. तो आवराआवर करून राह्यलाय. जा!"

तेव्हा आम्ही ह्या गोष्टीला काही नाव देत नव्हतो. आता मुलांच्या मनाबद्दल वर्तमानपत्रांत लेख येतात, शाळांत समुपदेशक येतात. तेव्हा फार तर म्हणायचे, पोरगं मनाला लावून घेतंय. पुस्तकं वाटून टाकणाऱ्या मुलाला काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. सुमनलाही माहीत नव्हतं. तिला रिकाम्या डब्यावरून कळलं.

मोंढ्यामागे, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, त्याची खोली होती. दार लोटलेलं. आत केर काढलेला, अंथरूण गुंडाळून दोरीने बांधलेलं, कपडे घडी करून त्यावर ठेवलेले. अंकुश भिंतीला टेकून बसला होता. मीही चप्पल काढून समोर बसलो. त्याने मान वर केली. मग म्हणाला,

"काका, आई कधी गेली?"

"कुणी सांगितलं तुला असं?"

"कोणी कशाला सांगायला पाह्यजे? भाकर आईची न्हाई. पहिल्याच दिवशी कळलं मला. आईची पातळ असती, चौघडी करून ठेवती ती, अन् घडीत लसणाची चटणी. ही जाड होती, आख्खी होती. मला वाटलं आई आजारी पडली असंल, शेजारची कोणी करून देत असंल. म्हणून त्या औषधाच्या कॅप्सूल पाठवल्या. पण मंग रोजच तशी भाकर. रोजच." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही, हबीबभाई, समदे लपवून राह्यले ना माझ्यापासून?"

इतकी वर्षं मी डबे सांभाळले, पण एकही उघडून पाहिला नव्हता. त्याची आई भाकरीची चौघडी करते हे मला कुठून माहीत असणार? आणि सुमन अंबडची, तिच्या माहेरी भाकरी जाडच करतात. आम्ही त्याच्या जिवाला आधार म्हणून जो घास पाठवत होतो, तो त्याला रोज सांगत होता, की तुझी आई आता नाही.

"भाकर माझ्या बायकोने केली," मी म्हणालो. "वाडी बंद आहे म्हणून. आम्हाला वाटलं, आईचा डबा म्हणून दिला तर तू जेवशील."

"म्हणजे आई न्हाईच."

"तसं नाही."

"मंग हाय का? सांगा. हाय?"

हो म्हणणं सोपं होतं. पण एकदा फसलेल्या मुलापुढे माझं हो कशाच्या कामाचं? आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. सुरतेहून आलेला माणूस त्याचा बापच असणार, हे मला केव्हाच कळलं होतं.

"मला माहीत नाही, अंकुश," मी म्हणालो. "आता खोटं सांगत नाही. उद्या सकाळी गाडीने जाऊ आणि पाहू. मी येतो."

"अन् नसली तर?"

"नसली तर मी तिथे तुझ्याजवळ असेन. आता ऊठ. आज आमच्याकडे राहायचं."

त्याला घरी आणल्यावर सुमनने त्याची कसलीच चौकशी केली नाही. त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं ठेवलं आणि फोडायला सांगितलं. संध्याकाळी परातीत पीठ घेऊन म्हणाली, "सांग आता, तुझी आई कशी करती ते."

तो हळूच म्हणाला, "पातळ."

"ही?"

"अजून."

"अजून केली तर फाटंल."

"आईची फाटत न्हाई."

"तुझ्या आईची गोष्ट वेगळी. ही खा मुकाट्यानं."

त्याने अर्धी खाल्ली. शेंगांचं टोपलं संपवलं. झोपला की नाही माहीत नाही, पण आमच्या घरात होता.

सकाळी मी रजा टाकली. धावड्याच्या गाडीत मोजकी माणसं होती. हबीबभाई दारातच म्हणाले, "आज कंट्रोलर साहेब पासिंजर! तिकीट काढावं लागंल, वशिला चालणार न्हाई." मग अंकुशकडे पाहिलं आणि त्याला आपल्या सीटवर बसवलं. "दोरी तुझ्या हातात हे. घंटी तू मार. मेरा हाथ दुखून राह्यला." दर थांब्याला अंकुश घंटी मारत होता. चेहरा मात्र दगडासारखा.

धावड्याहून आम्ही चालत निघालो. तो पुढे, मी मागे. वाडीच्या अलीकडे रस्त्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग होता. पलीकडून एका माणसाने हाळी दिली.

"थांबा तिथंच! कोन हे?"

"मी अंकुश, दादाराव."

"अंकुशा, माघारी जाय. तुझ्या बापानं सुरतेहून काय आणलं ठाऊक न्हाई आम्हाला."

"माझी आई?"

तो माणूस तोंडावरचं फडकं सारखं करू लागला. अंकुश रस्त्यातच खाली बसला. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडलो, "अहो, त्याची आई जिवंत आहे का नाही, एवढं सांगा!"

"जिवंत?" दादाराव म्हणाले. "तिच्या तोंडानं आमचे कान किटले! समद्या घरादाराला शेतातल्या आखाड्यावर बसवलंय. रोज ओढ्याच्या काठी येऊन आम्हाला शिव्या घालून राह्यली. लेकराचा डबा न्हेऊ द्या म्हणती! आता सांगा, कसं न्हेऊ द्यावं?"

अंकुशने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. दादाराव तिकडून म्हणाले, "रडू नको रे. ओढ्याकडून जा. अल्याड थांबा पण. पाण्यात उतरू नका."

ओढ्याला थोडं पाणी होतं. पलीकडे पत्र्याचं छप्पर, म्हणजे आखाडा, आणि कडुनिंबाखाली एक माणूस बसलेला. अंकुश काठाशी येऊन थबकला. म्हणून मीच ओरडलो, "अंकुशची आई!" छपरातून एक उंच, काळीसावळी बाई जांभळ्या लुगड्यात बाहेर आली. काठापर्यंत आली. मुलाकडे पाहिलं.

"अरं, केस किती वाढवले? अन् हे काय, वाळला किती!"

अंकुश नुसता उभा.

"बोल की! मुका झाला का?"

"आई," तो म्हणाला.

"मला काय झालं न्हाई. बापाला बी काय झालं न्हाई, तो पाहा कसा बसलाय, फुकटची रजा खाऊन राह्यला." कडुनिंबाखालच्या माणसाने हात हलवला. "सुरतेहून आला म्हणून लोकायनं बसवलं आम्हाला. तू जेवून राह्यला का?"

"हौ."

"कोणाचं?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "काकाच्या घरचं. काकू करती."

बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं,

"जवारीची का बाजरीची?"

"ज्वारीची," मी म्हणालो.

"बाईला म्हणावं, त्याला जाड भाकर चालत न्हाई. पापुद्रा सुटला पाह्यजे." आणि मुलाकडे वळून, "डबा रिकामा तर पाठवत न्हाईस ना त्यायचा?"

ओढ्याच्या काठाने सीताफळाची झाडं होती. अंकुश गेला आणि त्यातल्या त्यात डोळे उघडलेली सीताफळं तोडून शर्टाच्या ओच्यात घेऊन आला. परतीच्या वाटेवर त्याला भूक लागली. धावड्यात चहाच्या हॉटेलात त्याने भजी खाल्ली आणि मला म्हणाला, "काका, ते प्रवासवर्णन माझं अर्धंच झालंय. परत द्या मला."

त्या वाडीत कुणालाही प्लेग झालेला नव्हता. काही दिवसांनी काट्या हटल्या आणि डबा पुन्हा सुरू झाला. जांभळ्या फडक्यातला पहिला डबा परत जाताना सुमनने त्या सगळ्या गोळ्या आणि कॅप्सूलची पुडी त्यात घातली आणि हबीबभाईंना बजावलं, की हे त्याच्या आईच्याच हातात द्या. सीताफळं तिने ज्वारीच्या कणगीत पिकत घातली होती. ती आम्ही खाल्ली.

अंकुश त्या वर्षी एका विषयात राहिला. पुढच्या वर्षी तो विषय सुटला. पुढे औषधनिर्माणाचं शिकला आणि आता अंबडला त्याचं औषधांचं दुकान आहे. वर्षातून एखाद्या वेळी येई, सुमनशी बोलत बसे. जुन्या दिवसांचा विषय त्याने कधी काढला नाही, आभार वगैरे मानले नाहीत. आपल्याकडे आभार समारंभात मानतात. सुमनही त्यांची वाट पाहत नव्हती. ती फक्त त्याला भाकरी वाढताना म्हणायची, "पाहा बरं, जमली का?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "आईसारखी न्हाई." दोघं हसायची.

सुमनच्या दहाव्याला तो आला. कोपऱ्यात बसला, जाताना माझा हात हातात घेऊन थोडा वेळ थांबला, गेला.

सगळे पाहुणे परतल्यावर, मुलगीही तिच्या घरी गेल्यावर, एक दिवस स्टँडवरून पोरगा सांगत आला, की तुमचा डबा आलाय. मला वाटलं चूक झाली असेल. गेलो. माझ्या जुन्या टेबलाखाली एक डबा होता. आता मुलांचे डबे फारसे येत नाहीत. फडकं जांभळं नव्हतं, पण गाठ तीच होती. "धावड्याच्या गाडीनं आला, काका," नवा कंट्रोलर म्हणाला. "म्हातारी म्हणे सांगून गेली, जुन्या साहेबाला द्या."

घरी येऊन ताट घेतलं. ज्वारीची भाकरी होती, पातळ, चौघडी केलेली, घडीत लसणाची चटणी. पापुद्रा सुटलेला. मी एक घास तोडला. भाकरी फार चांगली होती आणि ती सुमनची नव्हती.

दुःखाच्या दिवसांत मी कितीतरी घरांचं अन्न खाल्लं होतं, पण ते खाल्ल्याचं मला आठवतही नाही. हा घास मात्र तोंडातच राहिला. अंकुश त्या खोलीत भिंतीला टेकून सांगत होता ते मी ऐकलं होतं, मला समजलंही होतं असं वाटलं होतं. पहिल्याच घासाला त्याला काय कळलं होतं, ते मला आता कळलं. त्याच्या बाबतीत ते खोटं निघालं. मी सावकाश जेवलो. सगळी भाकरी संपवली.

मग डबा घासला, पुसला. संध्याकाळी गाडी परत जाणार होती. घरात मी शोधू लागलो. मला स्वयंपाक येत नाही. साखर घालावी असं मनात आलं, पण साखर घालवेना. वरच्या फळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. सुमनने मागच्या वर्षी घातलेली. तोंडाला तिनेच बांधलेलं पांढरं फडकं तसंच होतं. मुलीने जाताना थोडं मागितलं होतं, तेव्हा मी "पुढच्या वेळी" म्हणालो होतो. मी ते फडकं सोडलं. लोणचं चांगलं मुरलं होतं. डब्यात भरलं, झाकण दाबलं, वरून गाठ मारली.

स्टँडवर धावड्याची गाडी उभी होती. कंडक्टर तरुण होता, मला ओळखत नव्हता. मी डबा त्याच्या हातात दिला.

"सरळ धर. आडवा करू नको, खार सांडेल."

"कोणाला द्यायचा?"

"उद्या सकाळी गाडीपाशी एक म्हातारी येईल. तिला दे."

"काय सांगू तिला?"

"काही सांगू नको," मी म्हणालो. "ती उघडून पाहील."